आतून कडी का लावली होती?

रविवारी दहाच्या आत उठायचं नाही, हा आमच्या जोगेश्वरीच्या फ्लॅटचा अलिखित नियम. तिघी रूममेट्स, तिघींच्या तीन शिफ्ट्स, आठवड्यातून एकच सकाळ आपली म्हणावी अशी. २५ फेब्रुवारी २०१८ च्या रविवारी मात्र सातलाच फोन वाजला. आईचा. आमची आई इतक्या सकाळी फोन करते म्हणजे एकतर कुणाचं तरी लग्न ठरलेलं असतं, नाहीतर कुणीतरी गेलेलं असतं.

‘‘अगं, श्रीदेवी गेली!’’

मी झोपेतच विचारलं, ‘‘कुठे?’’

हा किस्सा मी सोमवारी कॅन्टीनमध्ये तिखटमीठ लावून सांगितला आणि टेबलावरचे सगळे खो खो हसले. आई फोनवर रडत होती, तेवढा भाग गाळला होता.

आईच्या रडण्याचं मला तेव्हा खरंच कोडं पडलं होतं. ‘चांदनी’ आणि ‘मिस्टर इंडिया’ तिच्या तरुणपणीचे सिनेमे, कबूल. पण ती काही फॅन वगैरे कॅटेगरीतली नाही. नटीचा फोटो कपाटाच्या दाराला चिकटवणारी तर नाहीच नाही. मी म्हटलं, ‘‘आई, तुझी कोण लागत होती ती?’’ त्यावर ती म्हणाली, ‘‘गोडबोल्यांची सून होती ना गं.’’

आता तुमच्या लक्षात आलं असेल. शशी गोडबोले! गौरी शिंदेचा ‘इंग्लिश विंग्लिश’, २०१२ चा. पुण्यातली लाडू करून विकणारी बाई, जिच्या इंग्रजीला नवरा आणि मुलगी हसतात. पंधरा वर्षांच्या गॅपनंतर श्रीदेवी पडद्यावर आली ती ही भूमिका घेऊन, मराठी घरातली सून होऊन. सासू होत्या सुलभा देशपांडे. आणि मी आठवीत असताना शाळेच्या ओपन डेला आईला म्हटलं होतं, ‘तू नको येऊस, बाबांना पाठव.’ कारण? आमच्या मिसना मराठीत बोललेलं आवडायचं नाही. आई काही बोलली नाही. सात वर्षांनी तो सिनेमा थिएटरमध्ये बघताना मुलगी आईची लाज बाळगते तो सीन आला, तेव्हा आई माझ्याकडे बघेल म्हणून मी पॉपकॉर्नच्या पुड्यात तोंड घातलं होतं. तिने बघितलं नाही. फक्त बाहेर आल्यावर म्हणाली, ‘‘बरं झालं बाई, कुणीतरी आमच्या वतीने न्यूयॉर्कला जाऊन कॉफी मागून आलं.’’

तर अशी ती बाई गेली होती. दुबईत, चोपन्नाव्या वर्षी, नात्यातल्या लग्नाला गेलेली असताना. पहिली बातमी होती कार्डिअ‍ॅक अ‍ॅरेस्टची. सोमवारी, २६ तारखेला दुबईहून फोरेन्सिक रिपोर्ट आला: हॉटेलच्या बाथटबमध्ये शुद्ध हरपली आणि बुडून मृत्यू. अपघाती. मंगळवारी तिथल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने फाइल बंद केली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपलं.

आपल्या दृष्टीने मात्र ते तिथून सुरू झालं!

टीव्हीवर काय चाललं होतं ते आठवतंय? एका चॅनेलच्या स्टुडिओत ग्राफिक्सचा बाथटब, त्यात तिची आकृती. दुसरीकडे टबच्या कडेला वाइनचा ग्लास. एका तेलुगू वाहिनीचा रिपोर्टर तर स्वतःच टबमध्ये जाऊन झोपला, कॅमेऱ्याला प्रात्यक्षिक म्हणून. शेवटी लोकच वैतागले आणि ‘न्यूज की मौत’ म्हणत चॅनेलवाल्यांना सोशल मीडियावर झोडपायला लागले. मीही त्यात होते. सकाळी लोकलमध्ये चॅनेलवाल्यांना शिव्या देणारी पोस्ट टाकायची आणि दुपारी कॅन्टीनमध्ये ‘पण मला सांग, दोन फूट पाण्यात माणूस बुडतो कसा?’ यावर चर्चा करायची. दोन्ही एकाच दिवशी, एकाच तोंडाने.

आमच्या ऑफिसात तेव्हा अक्षरशः ‘सीआयडी’ची शाखा उघडली होती. अकाउंट्समधला एक जण नवरा परत का आला, किती वाजता आला, दार किती वेळाने उघडलं याचा हिशेब एक्सेलमध्ये मांडत होता (रीएम्बर्समेंटच्या फाइलला इतकी मेहनत घेतली असती तर!). इन्शुरन्सच्या टीमला इन्शुरन्सचा अँगल दिसत होता. एचआरच्या बाईंना सर्जरीचा. आमचे टीम लीड फक्त एवढंच म्हणाले, ‘‘शनिवारी बिहारमध्ये एका भरधाव गाडीखाली शाळेतली नऊ पोरं गेली. त्यांची नावं कुणाला माहीत आहेत?’’ मुझफ्फरपूरची ती बातमी खरी होती, त्याच शनिवारची. आम्ही दोन मिनिटं ओशाळलो. मग कुणीतरी म्हणालं की सर, तुम्हाला तरी माहीत आहेत का? त्यांनाही नव्हती. मग पुन्हा बाथटब.

खरं सांगायचं तर या सगळ्यात मी नुसती श्रोती नव्हते. मी स्टार परफॉर्मर होते.

मंगळवारी लंच अवरमध्ये मी एक मेसेज लिहिला. ‘टॉप फाइव्ह थिअरीज’ असं नाव देऊन, ऑफिसातल्या सगळ्या थिअरीजची टिंगल. माझ्या मते ती टिंगल टीव्हीवाल्यांची होती, गेलेल्या बाईची नव्हती. शेवटची ओळ मला फारच जमली असं वाटलं होतं: ‘समस्त नवऱ्यांना सूचना: बायको आंघोळीला गेली की दर पाच मिनिटांनी दार वाजवा, नाहीतर पोलीस तुमचं दार वाजवतील.’ ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. हसणाऱ्या स्मायलींचा पाऊस.

त्या दिवशी मराठी भाषा दिन. घरच्या ‘गोतावळा’ ग्रुपवर सकाळपासून कुसुमाग्रजांचे फोटो आणि ‘मराठी असे’ची चढाओढ चाललेली. त्या गर्दीत माझा अंगठा कुठे पडला कळलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तेव्हा पाठवलेला मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसायला सात मिनिटं मिळायची. मला अकराव्या मिनिटाला कळलं.

कळलं ते असं की स्क्रीनवर एक करडी ओळ आली. काकांनी ग्रुप सोडला होता.

हे काका म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचे यजमान. चिंचवडला राहतात. मावशी २००९ च्या जानेवारीत गेली. बाथरूममध्ये.

तेव्हा मी अकरावीत होते. थंडीचे दिवस, संक्रांतीचं हळदीकुंकू दोन दिवसांवर. सकाळी मावशी न्हायला गेली. बाथरूम छोटं, भिंतीवर गॅस गिझर, झडप थंडीसाठी वर्तमानपत्र लावून बंद केलेली. गॅस जळताना त्या कोंडलेल्या जागेतला ऑक्सिजन कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला वाटतं, जरा गरगरतंय, गरम पाण्याने असेल. मग पाय जातात. हात वर करून कडी काढायचीही ताकद उरत नाही. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी दार तोडलं तेव्हा नळ चालू होता आणि गिझरची निळी ज्योत शांतपणे जळत होती.

मग पोलीस, पंचनामा, ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद, पोस्टमॉर्टेम. रासायनिक तपासणीचा रिपोर्ट यायला बरेच दिवस गेले. तेवढ्या दिवसांत बाकी सगळ्यांचे आपापले रिपोर्ट तयार होते.

मला आठवतात ते दहाव्याला आलेल्या बायकांचे आवाज. स्वयंपाकघरात मी चहाचे कप विसळत होते आणि त्या माझ्या पाठीमागे बोलत होत्या. ‘काही झालं होतं का गं दोघांत?’ ‘मूल नव्हतं ना, मनाला लावून घेतलं असणार.’ ‘चाळीस मिनिटं हा माणूस काय करत होता?’ आणि एकीने अगदी हळू आवाजात, पण मला स्पष्ट ऐकू जाईल असं विचारलेलं: ‘‘मी म्हणते, आतून कडी का लावली होती?’’

अहो, बाथरूमची कडी आतूनच लावतात! हे मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं होतं. सांगितलं नाही. सोळा वर्षांच्या मुलीने दहाव्याच्या दिवशी ओरडायचं नसतं.

नऊ वर्षांनी तोच प्रश्न मी स्वतः लिहिला होता. जोक करून, नंबर घालून, स्मायली लावून.

काकांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. आईला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘मी वाचलं.’’ एवढंच. आमच्या आईचा आवाज असा सपाट झाला की समजायचं, आता काही बोलण्यात अर्थ नाही. शेवटी म्हणाली, ‘‘भावजींना आता फोन करू नकोस. भेटून ये.’’

दुसऱ्या दिवशी, २८ तारखेला, मी आणि एक कलिग ऑफिसला दांडी मारून लोखंडवालाला गेलो. का गेलो? तिला जायचंच होतं आणि मला कुठेतरी जायचं होतं. सेलिब्रेशन स्पोर्ट्स क्लबबाहेर रांग पार कोपऱ्यापलीकडे गेलेली. मला वाटलं होतं, सगळे स्टार बघायला आलेले असतील. तसे होतेच, एखादी काळ्या काचांची गाडी आली की रांग मोडून मोबाइल वर व्हायचे, शिट्ट्यासुद्धा ऐकल्या मी. पण रांगेत माझ्या पुढे एक बाई होत्या, डोंबिवलीहून आलेल्या, हातात गजरा. ‘‘हाफ डे टाकलाय,’’ म्हणाल्या, ‘‘साहेबांना सांगितलं, घरातलं कुणी गेलंय.’’ मग जरा थांबून, ‘‘खोटं नाही ना हो वाटत?’’ मी म्हटलं, नाही.

आम्ही काही आत पोचलो नाही. दुपारी पांढऱ्या फुलांनी सजवलेली गाडी निघाली, विलेपार्ल्याच्या दिशेने. डोंबिवलीच्या बाईंनी गजरा लांबूनच टाकला. तो गाडीपर्यंत पोचलाच नाही, पुढच्या एका पोलिसाच्या खांद्यावर पडला. त्याने तो उचलला, इकडे तिकडे पाहिलं आणि दुभाजकावरच्या झाडाला अडकवून ठेवला.

तिला तिरंग्यात निरोप दिला, त्यावरून नंतर आणखी आठवडाभर वाद झाला. पद्मश्री होती म्हणून का? मग सगळ्या पद्मश्रींना का नाही? दोन महिन्यांपूर्वी शशी कपूर गेले तेव्हाही तिरंगा होता, तेव्हा कुणी फारसं विचारलं नव्हतं. राज ठाकरेंनी गुढीपाडव्याच्या सभेत हा प्रश्न जाहीरपणे काढला. प्रश्न चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. सरकारने कुणाला कशासाठी मान द्यायचा, हे विचारलंच पाहिजे. फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. भक्ती बर्वे २००१ मध्ये एक्स्प्रेस-वेवर गेल्या. आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे २०१२ च्या डिसेंबरमध्ये त्याच रस्त्यावर, पेंडसेंचा लहानगा मुलगाही त्यात गेला. महाराष्ट्र तेव्हाही हळहळला, वाद तेव्हाही झाले. पण ते वाद रस्त्याबद्दल होते. दुभाजकाबद्दल, वेगाबद्दल, ट्रकवाल्यांच्या लेनबद्दल. रस्त्यावर माणूस गेला की आपण रस्त्याला प्रश्न विचारतो. बाई बाथरूममध्ये गेली की बाईला विचारतो. नाहीतर तिच्या नवऱ्याला.

होळीला जोडून सुट्टी आली होती. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी चिंचवडला गेले. डब्यात आईच्या हातच्या पुरणपोळ्या. बेल वाजवताना पोटात गोळा. काकांनी दार उघडलं आणि नेहमीसारखंच म्हणाले, ‘‘ये. बस मिळाली का वेळेवर?’’

मी बसले. पाणी प्यायले. आणि रडायलाच लागले. माफीचं भाषण मी एक्स्प्रेस-वेवर अख्खं पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्य बाहेर आलं नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून पुरणपोळी तव्यावर गरम केली, तूप घातलं, माझ्यापुढे ठेवली. ‘‘तुझ्यावर रागावून नाही गं सोडला ग्रुप,’’ म्हणाले. ‘‘जोक वाचला आणि पहिल्यांदा हसूच आलं मला. खरंच आलं. मग ते हसू सहन होईना.’’

मग त्यांनी मला त्या सकाळबद्दल सांगितलं. नऊ वर्षांत आमच्या घरात कुणी त्यांना थेट विचारलं नव्हतं, सगळे एकमेकांनाच विचारत राहिले. ‘‘चाळीस मिनिटं मी पेपर वाचत होतो. अर्थसंकल्पाआधीचे दिवस, पेपर जाड. ती न्हायची तेव्हा वेळ लागायचाच, केस लांब होते. एकदा वाटलं, हाक मारावी. पण मी हाक मारली की ती चिडायची. म्हणायची, जरा पाच मिनिटं तरी मला माझी मिळू देत जा. म्हणून नाही मारली.’’

बाहेर पोरं उरलेले फुगे फोडत होती. काका त्या आवाजाकडे बघत राहिले.

‘‘पोलिसांनी विचारलं त्याचं काही नाही वाटलं. त्यांचं कामच ते. त्यांना एकदा उत्तर दिलं की ते लिहून घेतात आणि जातात. बाकीच्यांना उत्तर कुठे देणार? ते विचारतच नाहीत ना तोंडावर.’’ मग जरा वेळाने, ‘‘तिच्या नवऱ्याचं काय होत असेल गं? माझ्याकडे एक सोसायटी बघत होती. त्याच्याकडे...’’

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही नाही केलं.

मी ऑफिसच्या ग्रुपवर काही लिहिलं का? नाही. हिंमत झाली नाही. सोमवारी कॅन्टीनमध्ये विषय निघाला तेव्हा मी फक्त म्हटलं की शुद्ध गेलेल्या माणसाला बुडायला दोन फूटही लागत नाहीत, नाकातोंडाशी येईल इतकं पाणी पुरतं. अकाउंट्सवाला म्हणाला, ‘‘तुला बरं माहीत.’’ मी टॉपिक बदलला. मग एप्रिलमध्ये श्रीदेवीला ‘मॉम’साठी मरणोत्तर राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, जुलैमध्ये जान्हवीचा ‘धडक’ आला. तोही आपल्या ‘सैराट’वरून केलेला. त्यावर ‘आईसारखी आहे की नाही’ अशी नवी चर्चा सुरू झाली. सीआयडीची शाखा बंद पडली.

काका ग्रुपवर परत आले ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. ‘गुड मॉर्निंग’ची फुलं पाठवतात आता, सगळ्यांसारखीच.

२०२३ च्या ऑक्टोबरात बोनी कपूर एका मुलाखतीत पहिल्यांदा सविस्तर बोलले. ती कडक पथ्यावर असायची, मीठसुद्धा सोडायची, डॉक्टरांनी लो बीपीबद्दल बजावलं होतं, आधीही चक्कर येऊन पडली होती. ‘ती गेल्यावर नागार्जुनने सांगितलं की एका शूटिंगच्या वेळी ती बाथरूममध्येच पडून तिचा दात तुटला होता,’ असंही म्हणाले. दुबईच्या पोलिसांनी त्यांची एक-दोन दिवस चौकशी केली, लाय डिटेक्टर टेस्टसुद्धा झाली. पाच वर्षं जे प्रश्न हवेत होते त्यांची ही साधी, कंटाळवाणी वाटावीत अशी उत्तरं. ती लिंक मी काकांना एकट्यांना पाठवली. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही.

त्याच डिसेंबरात मी ठाण्याला नवा फ्लॅट भाड्याने घेतला. काका सत्यनारायणाला आले. आल्या आल्या चप्पल काढली, पिशवी माझ्या हातात दिली, पाण्याला नाही म्हणाले आणि सरळ बाथरूममध्ये शिरले. मी मागोमाग गेले. गिझर इलेक्ट्रिकचा होता. तरीही त्यांनी बादली उलटी घातली, तिच्यावर चढले आणि वरच्या झडपेची एकेक पट्टी बोटाने उघडून बघितली.

‘‘ही तिसरी अडकतेय,’’ म्हणाले. ‘‘स्क्रू ड्रायव्हर आहे का घरात?’’